पांढरं पाणी

बाळाच्या खाटेखाली टांगलेल्या बाटलीतलं पाणी सकाळी निवळशंख होतं. दुपारी डॉक्टर बघायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

"सिस्टर, कुठलं दूध दिलंत?"

"डब्यातलंच, सर. बिनचरबीचं."

हृदयाचं ऑपरेशन झकास झालं होतं. पण तेवढ्याशा छातीत, दुधातली चरबी वाहून नेणारी केसाएवढी नळी दुखावली. ती गळायची, गळलेलं फुप्फुसाभोवती साचायचं आणि बाळाला श्वास पुरायचा नाही. म्हणून बरगड्यांमधून रबरी नळी, नळीला बाटली, आणि आईचं दूध बंद. पाणी सकाळसारखंच निवळ राहिलं असतं तर उद्या ही रबरी नळी निघणार होती.

"मग हे काय आभाळातून पडलं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "डबा बदलला असेल. डोळे उघडे ठेवून काम करता ना?"

सिस्टर पोरगेलीच. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाळाची आई खाटेची दांडी घट्ट धरून उभी होती. शरमेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, आईच्या दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय? त्या पांचट पाण्यावर पोर तग कसं धरणार?" पण आता त्यांच्या नावावर खपवायला तिची जीभ रेटेना. खाटेभोवतीचा पडदा तिनं स्वतःच्या हातानं ओढला होता. बाळ लुचूलुचू प्यायलं, तेव्हा तिला जग जिंकल्यासारखं वाटलं होतं. सिस्टरला चकवल्याची गंमतही, खोटं कशाला बोला, थोडी वाटली होती.

"डॉक्टर, त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "मी पाजलं. सकाळी."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी आधी सिस्टरची माफी मागितली, मग सांगितलं, "आता तोंडानं थेंबही नाही. सगळं शिरेतून." उद्याची गोष्ट कुणी काढलीच नाही.

थोड्या वेळानं बाळ भुकेनं रडायला लागलं. रडता रडता धाप लागली, ओठ निळसर दिसायला लागले. तिनं वाकून त्याच्या गालाला बोट लावलं, तसं ते तोंड वासून तिच्या छातीकडे वळलं.

सिस्टरनं हळूच तिचा दंड धरला.

"ताई, त्याला तुमचा वास येतो. जरा लांब उभ्या राहा."

ती एक पाऊल मागे सरली. बाळाची मान तिच्याकडेच होती. ती आणखी मागे सरली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.