धुळाआबांची उडी

घोडी पुढं जायला तयार नव्हती आणि संयोगितानं लगाम आखडून धरला होता. मेढा गावाच्या वरच्या अंगाला, घळीच्या तोंडाशी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली होती. रेघेपर्यंत भरधाव यायचं आणि थांबायचं. उडी नंतर संगणकावर दाखवू, असं दिग्दर्शकानं समजावलं होतं. नायिकेच्या जागी घोडा पळवायचं काम तिनं पुष्कळदा केलं होतं. पण आज खाली घळीत बघितलं की ती घोडी दोन पावलं मागं घेत होती.

दिग्दर्शक एका जुन्या साहसपटानं झपाटलेला होता. लहानपणी त्यानं त्याची पारायणं केली होती. त्यात याच घळीवरून एका स्वारानं घोडा उडवला होता. त्या स्वाराच्या तोंडावर जे दिसतं, ते आताच्या कोट्यवधींच्या सिनेमात औषधालाही सापडत नाही, असं तो सकाळपासून सांगत होता. म्हणून त्यानं तो स्वारच जतहून शोधून आणला होता. धुळाआबा. आता मेंढरं राखत होते. त्यांना फेटा बांधला, हार घातला. आबा मात्र नुसते त्या रेघेकडं बघत बसले.

कॅमेरे लागले. संयोगितानं घोडी मागं नेली, तसे आबा काठी टेकत तिच्याजवळ आले. तिनं वाकून हळूच विचारलं, "आबा, उडी मारताना तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

आबांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"मला उडी मारायचीच नव्हती, पोरी. रेघंवर थांब म्हणाले हुते. आन् मागनं सुतळी बाँब लावला. घोडं उधळलं, पलीकडं जाऊन पडलं, तिथंच मेलं. माझं ते तोंड तवाचं हाय."

 संयोगितानं रेघेकडं पाहिलं. रेघेच्या अलीकडं, करवंदीच्या जाळीआड एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्या हातात काडीपेटी होती.

दिग्दर्शकानं इशाऱ्याला हात वर केला, तेव्हा घोडीचं खोगीर रिकामं होतं आणि संयोगिता तिचा लगाम धरून आबांच्या मागोमाग उतार उतरत होती.