सदतीस इंच

“डॉक्टर, पाय जपून! खुणांवर नको,” नावाडीणबाई ओरडली.

दातांच्या डॉक्टरांनी पाय तसाच हवेत धरला. नावेच्या काठावर, पुढच्या टोकापासून मागे साडेतीन हातांपर्यंत, चाकूने कोरलेल्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी एक बारीकसं चित्र. कुठे कात्री, कुठे पान, कुठे बूट. त्यांत सगळ्यात मागे तर ओळीने आठ-नऊ गोल चकत्या, आणि प्रत्येकीत दोन काड्या. कुणीतरी रिकामपणी केलेला उद्योग, असं म्हणून डॉक्टर पलीकडे बसले. आज त्यांच्या डोक्यात एकच आकडा होता. सदतीस.

गावातल्या गळवाल्यांच्या मंडळात भिंतीवर एक पाटी होती. पिसा-केसांची नकली माशी वापरून समुद्रात धरलेला सगळ्यात मोठा मासा कुणाचा, ते तिच्यावर लिहायचं. मासा मोजून सोडून द्यायचा नियम होता, त्यामुळे सगळा कारभार शब्दावर. नऊ वर्षं पाटीवर डॉक्टरांचं नाव होतं, सदतीस इंच.

आणि नऊ वर्षं त्यांचे साडू, गावातले घड्याळजी, कुठल्याशा किनाऱ्यावर एकटेच जाऊन यायचे आणि दारातूनच हात वर करायचे. “छत्तीस! हरलो बुवा. थोडक्यात हुकला.” कधी पस्तीस, कधी छत्तीस. डॉक्टर त्यांच्या पाठीवर थाप मारत आणि महिनाभर पेशंटच्या तोंडात आरसा घालून तीच गोष्ट सांगत. बिचारे पेशंट, नाही कसं म्हणणार?

“तुमच्या साडूंनी एकदा जिंकायला हवं होतं,” बायको म्हणायची. “पण नकोच. तुम्ही पत्त्यांत हरलात तरी दोन दिवस तोंड पाडून बसता.”

यंदा घड्याळजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मेव्हणीला गोड बोलून किनाऱ्याचा पत्ता काढून घेतला. घड्याळजींना कळलं तेव्हा ते अंथरुणातून उठायलाच निघाले.

“तिथे नका जाऊ हो. काही नाही तिथे. नुसता चिखल आणि डास!”

“मग तुम्ही दरवर्षी चिखल बघायला जाता होय?” डॉक्टर हसले. चोराच्या मनात चांदणं! मोठा मासा तिथेच असणार, म्हणूनच एवढी लपवाछपवी. एकदाची चाळिशी गाठायची आणि साडूचं तोंड कायमचं बंद करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नावाडीणबाईकडे साडूचं नावसुद्धा काढायचं नाही, हेही ठरवलं.

नाव उथळ पाण्यात शिरली. बाई लांब बांबूने ती ढकलत होती. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती.

“उजवीकडे,” बाई कुजबुजली. “शेपूट बघा.”

अरे बापरे! रुपेरी शेपूट पाण्याबाहेर आलं, हललं आणि बुडालं. डॉक्टरांनी गळाची काठी उचलली. दोरीच्या टोकाला शेजारच्या कुत्र्याच्या केसांची माशी होती. घड्याळजींनीच चिमट्याने बांधून वाढदिवसाला दिलेली. त्यांच्याच माशीने त्यांनाच हरवायचं, या विचाराने डॉक्टरांना आणखीच गुदगुल्या झाल्या.

काठी मागे गेली, पुढे आली. दोरी हवेत उलगडली आणि माशी शेपटीच्या हातभर पुढे पडली.

“थांबा... आता ओढा, हळू... हळू...”

खस्सकन झटका बसला. रीळ किंचाळायला लागलं. दोरी पाणी कापत समुद्राकडे सुटली.

“जाऊ द्या! अडवू नका, तुटेल!”

“अहो, जातोय कुठे तो!”

“दमला की येईल. तुम्ही दमू नका म्हणजे झालं!”

अर्धा तास मासा पळत होता आणि डॉक्टर त्याला परत आणत होते. दंड भरून आले, टोपी पाण्यात गेली, चष्म्यावर मीठ साचलं. शेवटी बाईने ओल्या हातांनी मासा अलगद धरला आणि पाण्यातच नावेला चिकटवून सरळ केला. नाक पुढच्या टोकाशी, शेपूट मागे.

“एक्केचाळीस.”

“काय सांगता! परत बघा!”

“एक्केचाळीसच.”

डॉक्टर लहान पोरासारखे नाचले. नाव हेलकावली, बाई रागावली, तरी ते नाचत राहिले. आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मासा सुटला, शेपटीचा एक फटका मारून गेला.

बाईने चाकू पुढे केला. “शेपूट आलं तिथे रेघ मारा. शेजारी तुमच्या धंद्याची खूण. इथली रीतच आहे, मासा जातो, खूण राहते.”

म्हणजे या रेघा मापाच्या होत्या तर! डॉक्टरांनी मन लावून दाढ कोरली. कात्री हरली, बूट हरला, पानही हरलं. ते खुशीत काठावरून आणखी मागे सरकले आणि हात थबकला.

गोल चकत्या. सगळ्याच्या सगळ्या दाढेच्याही पलीकडे, म्हणजे तिच्याहून मोठ्या. सगळ्यात जवळची चार बोटांवर, सगळ्यात लांबची हातभर. डॉक्टरांनी चष्मा पुसला. आतल्या काड्या एक लांब, एक आखूड होत्या.

“बाई,” त्यांनी एका चकतीवर बोट ठेवलं, “ही खूण कुणाची?”

“येतात एकजण दरवर्षी. फार गोड माणूस. खूण कोरली की मला विचारतात, ‘बाई, सदतीस इंच कुठवर येतं हो?’ मी दाखवते. मग त्याच्या एक बोट अलीकडे हात ठेवतात आणि म्हणतात, ‘घरी एवढाच न्यायचा.’”