थेमेलिनाने निवडलेला संडास

"हा नको. ह्याच्यावर बसलेला माणूस उठायचा कसा?" थेमेलिनाने कॅटलॉगचं पान उलटलं. "जरा उंच दाखव."

मिकेसने चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग तिच्या नवऱ्याकडे, कप्तान साकेलारिसकडे पाहिलं. बोटीसाठी संडास घ्यायला त्याच्या दुकानात आजवर पुरुषच आले होते, आणि हाताने पंप मारायचा स्वस्तातला उचलून चालते झाले होते. ही बाई पाऊण तासापासून विजेवर चालणाऱ्या संडासांची उलटतपासणी घेत होती.

"उंच घेतलात तर मोटार मोठी, मावशी. मग बॅटरी मोठी. वर सौर पॅनेलही लागणार."

"मग लाव."

"समुद्राचं पाणी खेचणारा घेतलात तर..."

"महिन्याभरात वास मारतो. गोड्या पाण्याचा दे."

साकेलारिस टोपी हातात धरून बाजूला उभा होता. मध्ये बोललो तर सगळं फिसकटेल, अशी भीती त्याला वाटत होती.

सप्टेंबरात त्यांच्या थोरल्या लेकीचं, कालोतिनाचं लग्न होतं. ग्रीसमधल्या त्यांच्या कालिम्नोस बेटावर घर बाईचं. थेमेलिनाला ते तिच्या आईकडून मिळालं होतं, आता ते थोरल्या लेकीला जायचं, आणि आईबापांनी आपलं बिऱ्हाड हलवायचं. पुरुषाच्या मालकीची वस्तू एकच, त्याची बोट. उन्हाळ्याच्या तोंडावर साकेलारिसने बिचकत विचारलं होतं, "आपण बोटीवर राहिलो तर?"

थेमेलिना कांदा चिरत होती. दोन कांदे चिरून झाल्यावर म्हणाली, "बोटीवर संडास कुठे आहे?"

नाही म्हणाली नव्हती. तेवढ्यावर तो तीन महिने जगला.

एरवी आशेला जागा नव्हती, हे त्यालाही कळत होतं. यंदा तो धंदा सोडून घरी होता, पण त्याआधी एकेचाळीस वर्षं दर वसंतात समुद्रतळाचे स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघून जायचा, तो शरदात उगवायचा. कालोतिना जन्मली तेव्हा तो नव्हता. सासऱ्याला पुरलं तेव्हा नव्हता. परत आला की पाहुण्याला काढावी तशी त्याच्यासाठी कपाटातून उशी निघायची. थेमेलिना कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला हल्ली फार वाटे.

बोट धक्क्यावर ओढून घेतली, आणि मिकेसने तळाजवळ भोक पाडायला गिरमिट लावलं. साकेलारिसने तोंड फिरवलं. आयुष्यभर जिच्यात पाणी शिरू नये म्हणून जपलं, तिला पैसे मोजून भोक पाडायचं!

"घाबरू नका, कप्तान," मिकेस म्हणाला. "नळी आधी पाण्याच्या पातळीच्या वर चढवायची, मग खाली सोडायची. नाहीतर समुद्र उलटा आत येतो."

थेमेलिना रोज डबा घेऊन खाली येई. एकेचाळीस वर्षांत जी बंदरात फिरकली नव्हती, ती आता फळीवरून चढून आत वाकून बघे.

"उत्तरेचा वारा सुटला की आत गारठा किती?"

"एक शेगडी ठेवली की उबदार," साकेलारिस घाईघाईने म्हणाला.

"मैला साठवायची टाकी किती दिवस पुरते?"

"एकाला वीस दिवस, दोघांना दहा," मिकेस म्हणाला. "मग भर समुद्रात जाऊन रिकामी करायची. संडासाच्या दाराला आतून कडी बसवू का, मावशी?"

"कडी कशाला?"

साकेलारिस मोठ्याने हसला. "अरे, एकेचाळीस वर्षांच्या संसारात लाज कसली आलीय?"

ती हसली नाही. त्याने धीर करून विचारलं, "झोपायचा बाक रुंद करून घेऊ? दोघांना पुरेल असा?"

"आधी संडास होऊ दे."

झाल्यावर तिने त्यालाच बसायला लावलं. मिकेससमोर, विजार न उतरवता, तो त्या पांढऱ्याशुभ्र भांड्यावर बसला, आणि उठताना गुडघा धरून कण्हला.

"बघ, म्हणून उंच घेतला. तुझे गुडघे माझ्यापेक्षा वाईट," ती म्हणाली, आणि त्याचा हात पोचेल अशा जागी तिने मिकेसला भिंतीत आधाराला धरायची मूठ ठोकायला लावली. मग बटण दाबायला सांगितलं. मोटार घुरघुरली, पाणी फिरलं, गेलं.

"पुन्हा दाब."

त्याने तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा तिचा चेहरा सैल पडलेला त्याने पाहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. संडासापुढे उभं राहून रडणारा कप्तान मिकेसने पहिल्यांदाच पाहिला.

कॉफीच्या दुकानात त्याच्या ओळखीच्या नोमिकोसने त्याला गाठलंच. "म्हातारपणी बायकोला समुद्र दाखवतोस? वरातीमागून घोडं, कप्तान!"

"आलं ना पण घोडं," साकेलारिस म्हणाला.

लग्न झालं. सोमवारी सकाळी त्याने दाढी केली, बोट धुऊन काढली, शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवलं. बाकही त्याने न विचारता रुंद करून घेतला होता. नवाच्या सुमारास थेमेलिना उतरताना दिसली. मागून जावई हातगाडीवर दोन पेट्या ढकलत होता.

साकेलारिस धावत फळीशी गेला आणि त्याने हात पुढे केला. "सांभाळून, फळी ओली आहे."

ती धक्क्यावरच थांबली. तिने पहिल्या पेटीची कडी त्याच्या हातात दिली. जावयाने दुसरी पेटी बोटीवर ठेवली, आणि मान खाली घालून तो रिकामी गाडी वळवू लागला.

"वरच्या थरात उन्हाळ्याचे कपडे आहेत, खाली लोकरीचे," ती म्हणाली. "औषधं कोपऱ्यात."

"आणि तुझं सामान?"

"मागच्या खोलीत लावलं. कालोतिना म्हणाली, आई, तू राहा," थेमेलिना म्हणाली. "तुझ्याकडे आता इथे सगळं आहे. कशासाठीच वर घरी यायला नको."