खिशातला फ्यूज

"धाकट्याला मी कधीच माफ केलंय," असं मी विचारेल त्याला सांगायचो. आठ वर्षांपूर्वी माझा हात करवतीत असताना त्यानं दुसरीकडे बघत बटण दाबलं आणि माझी दोन बोटं गेली. तरी मी त्याला एका शब्दानं बोललो नाही. आमचं सुतारकाम पहिल्यासारखं एकत्रच चालू राहिलं. फक्त पात्याशी हात न्यायचा झाला की मी आधी फ्यूज काढून खिशात टाकायचो. बटणापाशी दुसरा कुणी कारागीर असला तर नुसतं "बंद कर रे" म्हणून भागायचं. धाकट्याला हे कळत होतं. तो मान खाली घालून उभा राहायचा.

आज संध्याकाळपर्यंत एक कपाट पोचवायचं होतं आणि नेमकी पात्यात ढलपी अडकली. मी त्याला करवत बंद करायला लावली आणि वैतागून हात घालून ढलपी उपसायला लागलो.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "फ्यूज?"

मी मोकळ्या हातानं खिसा चाचपला. रिकामा होता. वर बघितलं, तर हा बटणापासून चार पावलं लांब, दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा.

"असा चोरासारखा काय उभा राहिलायस, गाढवा?" आठ वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्यावर खेकसलो. "ये इकडे. बटणाशी थांब, सांगितलं की चालू कर."

तो हसतच आला आणि बटणाशी उभा राहिला.

माझा हात अजून आतच होता.