एक नंबरची वायर

फट्ट!

कार्बोरेटर पुन्हा तिच्या तोंडावर शिंकला. तिने डोकं मागे घेतलं, ते बॉनेटवर आपटलं, आणि हातातला पाना तिने जमिनीवर आदळला. नऊ दिवस हे सहा सिलिंडरचं धूड तिच्या डोक्यावर मिरे वाटत होतं. प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोलची नळी नवी. बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर जपून ठेवलेले तीन कार्बोरेटर तिने जुन्या दोनांच्या जागी बसवले होते. प्लगच्या सहाही वायरी बदलल्या होत्या. तरी सेल्फ मारला की इंजिन दोनदा घुरघुरायचं आणि शिंकायचं.

"झालं?" दादाने ड्रायव्हरच्या सीटवरून विचारलं. किल्ली फिरवण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि तेवढंही तो उपकार केल्यासारखं करत होता. "पाच वाजता क्रेनवाला येतोय."

"येऊ दे."

"अगं, त्या हॉटेलवाल्याला गाडी दारात शोभेला उभी करायचीय. इंजिन काढून टाकलं तरी चालेल म्हणाला. तू कुणासाठी मरमर करतेयस?"

हेच तर तिला लागलं होतं. याच इंजिनवर बाबांनी तिला पाना धरायला शिकवलं होतं, आणि आता ते भंगारात जाणार. चालतं इंजिन उपटायला हॉटेलवाल्याचा हात धजणार नाही, एवढ्या एका आशेवर ती नऊ दिवस काढत होती.

गाडी थांबवणारी मात्र ती कोण? बाबांची चिठ्ठी गाडीच्या कागदांत सापडली होती. ‘गाडी एक नंबरकडे राहील.’ आमचं घरही सहा सिलिंडरचं, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे. सहा भावंडं. एक नंबर म्हणजे थोरला दादा, आणि ती शेंडेफळ. मधल्या चौघांनी माना डोलावल्या, तिनेही डोलावली. यात वाद घालण्यासारखं होतं तरी काय? बाबांच्या शेवटच्या चार वर्षांत त्यांच्याजवळ ती एकटीच राहिली होती, गॅरेजचं शटरही रोज तीच उचलत होती, पण त्याचा नंबराशी काय संबंध! तिला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. बोलली नाही, एवढंच.

"मार सेल्फ."

फट्ट!

"मर मेल्या!" ती इंजिनावर ओरडली आणि टायरवर बसकण मारली.

दादा खाली उतरला. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण पसारा दिसला की त्याचे हात शिवशिवत. जमिनीवर फेकलेल्या जुन्या वायरी त्याने उचलल्या आणि लांबीप्रमाणे बाकड्यावर मांडायला घेतल्या. प्रत्येकीवर बाबांनी चिकटपट्टीचे वेढे दिले होते. एकीवर एक, दुसरीवर दोन, असे सहापर्यंत.

"तुला आत्ता हेच सुचतंय?" ती खेकसली.

"नंबर उलटे आहेत गं यांचे."

"दादा, गाडीतलं तुला ओ की ठो कळत नाही. कृपा करून गप्प बस."

"नाही कळत. पण वायरी या डब्यातून निघतात ना? डबा इथे पुढे. मग पुढच्या एक नंबरला आखूड वायर लागेल. बाबांची एक नंबर तर सगळ्यात लांब आहे."

तिने मान वळवून बाकड्याकडे पाहिलं. मग झटकन उठून एका वेढ्याची वायर ओढून घेतली. डब्यावर बाबांनी कोरलेल्या १ पासून ती ताणली. वायर बरोबर शेवटच्या सिलिंडरवर पोचली, ड्रायव्हरच्या पायांपाशी.

तिने कपाळावर हात मारला. गॅरेजमध्ये येणारी प्रत्येक गाडी पुढून मोजतात, म्हणून तिनेही पुढून मोजली होती. या गाडीच्या वायरींना बाबा कुणाला हात लावू देत नसत. ते मागून मोजत होते! चालवणाऱ्याच्या जवळचा तो त्यांचा पहिला. पहिल्याचा आणि सहाव्याचा पिस्टन एकदमच वर येतात, पण एकाची पेटायची वेळ असते तेव्हा दुसऱ्याची धूर टाकायची. नऊ दिवस ती भलत्याच वेळी ठिणगी देत बसली होती.

तिने सहाही वायरी उलट्या क्रमाने लावल्या आणि दादाला पुन्हा सीटवर पिटाळलं.

"मार."

इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं. ना शिंक, ना घुरघुर. बाकड्यावरचा चहाचा कप बशीत हलकासा किणकिणत राहिला. तिला हसू आलं, रडू आलं, आणि त्याहून जास्त बाबांचा राग आला.

"एक नंबर कुठला, एवढं लिहून ठेवायला काय झालं होतं त्यांना?"

दादा खाली उतरून बॉनेटपाशी आला. क्रेनवाल्याला दाखवायला आणलेले कागद त्याने खिशातून काढले, त्यातली चिठ्ठी उलगडली आणि पुन्हा वाचली. शेवटच्या सिलिंडरकडे पाहिलं. मग बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या नाकाला काळं ग्रीस लागलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला. क्रेनवाला पावतीपुस्तक घेऊन आत आला.

"मालक कोण? सही लागेल."

दादाने सीटकडे वाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि तिच्या काळ्या तळहातावर ठेवली.

"न्यायची की नाही, तिला विचारा," तो म्हणाला. "मी सहावा."