पाण्यातलं तांबं

"हीसुद्धा ठीक निघाली," असं म्हणून अण्णांच्या जावयाने काचेची छोटी नळी टेबलावर ठेवली. सकाळपासूनची ती पाचवी चाचणी होती. "खारटपणा बरोबर, तापमान बरोबर. मग यांना झालंय तरी काय?"

हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ अंग चोरून बसले होते. आठवड्यापूर्वी फुलांसारखे उमललेले ते जीव आता दगडावरच्या सुरकुत्यांसारखे दिसत होते. काचेवर फिरणाऱ्या दोन गोगलगायी सकाळी तळाशी उताण्या पडलेल्या सापडल्या होत्या.

खिडकीजवळच्या खुर्चीत अण्णा बसले होते. काय झालंय ते त्या घरात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. निदान त्यांचा तसा समज होता.

"माझंच चुकलं असणार," जावई म्हणाला. "दौऱ्यावर जायच्या आधी घाईघाईत पाणी बदललं. चार वर्षं वाढवलेत हो अण्णा, नखाएवढे होते तेव्हापासून."

याने एकदा आवाज चढवला असता तर बोलून टाकणं सोपं गेलं असतं, असं अण्णांना वाटलं. पण तो चढवणारा नव्हता. लेकीच्या घरी राहायला आल्यापासून त्याने त्यांना कधी वावगा शब्द ऐकवला नव्हता.

तो दौऱ्यावर असताना छोट्या नारिंगी माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले होते. चाळीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढलेल्या अण्णांना आजारी जीव समोर दिसत असताना स्वस्थ बसवेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी माशांच्या औषधाची बाटली आणली आणि रोज सकाळी थेंब टाकले. सहाव्या दिवशी मासा लखलखीत झाला. जावयाला आल्या आल्या दाखवू, असं त्यांनी मनाशी ठरवलंही. सातव्या दिवशी प्रवाळ मिटले. मग बाटली कपाटात कपड्यांच्या तळाशी गेली.

बेल वाजली. जिने ही टाकी बसवून दिली होती ती शोभेच्या माशांच्या दुकानातली बाई आली. तिने टाकीत डोकावून पाहिलं, गोगलगायींचं ऐकलं आणि बॅगेतून वेगळीच कुपी काढली. नळीतल्या पाण्यात चार थेंब पडले. पाणी हळूहळू निळसर होत गेलं.

"तांबं आहे यात," ती म्हणाली. "माशांना कसलं औषध दिलंत?"

"छे. या टाकीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही."

"मग पाण्यात तांबं आपोआप आलं का?"

अण्णांनी तोंड उघडलं. 

"मी टाकलं," स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली. ती हात पुसत पुढे आली आणि तिने बाटली टेबलावर ठेवली. तीच बाटली. वडिलांकडे तिने पाहिलं नाही. "मासा आजारी होता. तू नव्हतास. म्हटलं, करून बघू."

बाईने बाटली फिरवली. "हे बघा, लिहिलंय बारीक अक्षरांत. कोरल, म्हणजे प्रवाळ, असलेल्या टाकीत वापरू नये. माशाला जे तारतं तेच कोरलला मारतं."

जावई बायकोकडे बघत राहिला. "एवढं तरी वाचायचंस," तो हळूच म्हणाला.

लेकीने मान खाली घातली. लहानपणी काचेचा ग्लास फोडल्यावर ती अशीच उभी राहायची. तेव्हा दोष तिचा असायचा.

अण्णा खुर्चीचा हात धरून उठले.

"ती वाचते," ते म्हणाले. "सगळं वाचते ती. बाटली माझी आहे. मी आणली, मीच टाकलं." त्यांनी बाईच्या हातातली बाटली घेऊन डोळ्यांजवळ धरली. "वाचायला मला दिसत नाही. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे दिसतात. लेबल दोनदा वाचल्याशिवाय पेशंटच्या हातात कधी बाटली दिली नाही मी. आणि ही तशीच ओतली."

 टाकीचा पंप चालू होता.

"मला एक फोन करायचात, अण्णा," जावई शेवटी म्हणाला. एवढंच. मग तो बादल्या आणायला गेला.

बाईने तांबं ओढून घेणारी पिशवी पाण्यात सोडली. दगडांतही तांबं मुरलं असणार, काही कोरल वाचतील, काही नाही, असं तिने सरळ सांगितलं. ती आणि जावई नळी लावून टाकीतलं पाणी उपसू लागले.

अण्णा पुन्हा बसले. लेक त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि त्यांचा गुडघा थोपटू लागली.

"डोळ्यांचं सांगायचं नाही का? मोतीबिंदू असेल, काढून टाकतात हल्ली दहा मिनिटांत. मी काय रागावणार होते? कधीपासून दिसत नाहीये?"

"झालं वर्ष. वर्षाच्या वरच."

"वर्ष?"

लेकीच्या आईला जाऊन दहा महिने झाले होते. शेवटचे चार महिने ती अंथरुणाला खिळून होती.

"तिची औषधं मीच देत होतो," अण्णा म्हणाले. "दोन बाटल्या सारख्याच दिसायच्या."

लेकीने त्यांच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला नाही. फक्त तो थोपटायचा थांबला.