रत्नाबाईची आमटी

आणीबाणी उठली त्या साली सासू वारली आणि तेराव्यानंतर रत्नाबाईची आमटी अचानक चवदार लागू लागली. वाडीतल्या बाया म्हणाल्या, "सासूचा जीव चुलीपाशी घुटमळतोय. पौडचा देवऋषी बोलीव." घाबरलेली रत्नाबाई पाण्याला जायचं सोंग करून भाताच्या कणगीमागं दडून बसली. थोड्या वेळानं तिचा नवरा कोंडाजी मांजराच्या पावलांनी आला आणि आमटीत मीठ टाकू लागला. "अवं, तुमीच व्हय भूत?" ती कडाडली. कोंडाजी ओशाळला. "तू अळणी करतीस. आईनं जाताना सांगितलं, सुनंला बोलू नगंस, गुपचूप मीठ घाल." रत्नाबाई पोट धरून हसली. हसता हसता थांबली. "आन् गूळ? त्यो बी तुमीच घालता व्हय?" "कसला गूळ? मी फकस्त मीठ घालतो." दोघं आमटीकडं बघत राहिली. मग रत्नाबाई डोईवर पदर घेऊन चुलीला म्हणाली, "आत्याबाई, सांजच्याला पावणं हायेत. लवकर या."